श्रद्धेला मोकळीक, इजेला शिक्षा

महाराष्ट्राच्या एका फौजदारी कायद्यात नंदीबैलवाल्या ज्योतिषाचा उल्लेख आहे. त्याच्या मागेपुढे प्रदक्षिणा, यात्रा आणि परिक्रमा आहेत. हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन आहे. नवस, उपवास, व्रतवैकल्ये, मोहरमची मिरवणूक, लहान मुलांचे कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन आणि वास्तुशास्त्राचा सल्लाही आहे. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही, एवढे सांगण्यासाठी ही यादी कायद्याच्या शेवटाकडे छापलेली आहे. फौजदारी कायदा एरवी गुन्हा कोणता ते सांगून थांबतो. इथे गुन्हा काय नाही, हेही नावानिशी लिहावे लागले.

हा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. त्याचे अधिकृत नाव लांबलचक आहे आणि त्यात पहिला उल्लेख नरबळीचा आहे. तो होण्याआधी आणि झाल्यावरही महाराष्ट्राने एकाच प्रश्नावर कडाक्याचे वाद घातले: माणसाने कशावर विश्वास ठेवावा आणि दुसऱ्याला काय शिकवावे, यात सरकारने लक्ष घालावे का? श्रद्धेच्या नावाखाली माणसे मारली जातात, लुबाडली जातात, वाळीत टाकली जातात, म्हणून घालावे, असे एका बाजूचे म्हणणे. आज भोंदूबाबाला धरतील, उद्या वारी अडवतील, अशी दुसऱ्या बाजूची भीती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. या वादातून महाराष्ट्राला जे उत्तर सापडले, ते देशाच्या इतर भागांनीही नीट वाचण्यासारखे आहे.

अठरा वर्षांची ओढाताण

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेतलेले, कबड्डीचे मैदान गाजवलेले, शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. पुढे ते 'साधना' साप्ताहिकाचे संपादकही झाले. गावोगाव फिरताना त्यांना एक अडचण सतत येत होती. भगताने बाईला झाडाला बांधून बडवले, तर मारहाणीचा गुन्हा नोंदवता येई. पण तोवर ती बडवली गेलेली असे, आणि बहुतेक वेळा तक्रार करायला घरचेच तयार नसत. बाबाने मूल होण्याची हमी देऊन शोषण केले, तर फसवणूक सिद्ध करताना नाकी नऊ येत. या प्रकारांसाठी वेगळा कायदा हवा, हा आग्रह तिथून आला.

१९९५ मध्ये विधान परिषदेत तसा अशासकीय ठराव झाला. पुढे मसुदे झाले, फिरले, बदलले. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेत ते अडकले आणि अखेर बारगळले. सत्यनारायण घातला तरी अटक होईल, पंढरीची वाट बंद होईल, असे सांगितले जात होते. वारकऱ्यांतल्या काही मंडळींचाही तीव्र विरोध होता. मसुद्यात देवाविरुद्ध किंवा धर्माविरुद्ध एक शब्दही नाही, हे दाभोलकर सभा-मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दरम्यान मसुद्याला जोडलेल्या गुन्ह्यांच्या यादीतल्या, म्हणजे परिशिष्टातल्या, बाबी घटत गेल्या, व्याख्या काटेकोर होत गेल्या.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा संमत केला. हत्येच्या खटल्याचा निकाल लागायला मात्र १० मे २०२४ उजाडला. पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कायद्यासाठी अठरा वर्षे भांडलेला माणूस तो पाहू शकला नाही, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक आयुष्यातली मोठी जखम आहे.

त्या अठरा वर्षांच्या ओढाताणीचे एक फळ मात्र मोलाचे आहे. विरोध झाला म्हणून प्रत्येक शब्द तपासला गेला. श्रद्धा कुठे संपते आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ कुठे सुरू होतो, ही रेघ कायद्याला स्वच्छ ओढावी लागली.

परिशिष्ट वाचताना

कायद्याच्या परिशिष्टात बारा बाबी आहेत. पहिलीच बाब भूत उतरवण्याची. दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, केस उपटणे, तापवलेल्या वस्तूचे चटके देणे, तोंडात जबरदस्तीने मूत्र किंवा विष्ठा घालणे. हे सगळे कुठे ना कुठे, कुणाच्या तरी देहावर घडलेले आहे, म्हणून ते इतक्या तपशिलाने लिहिले गेले. भूत असते की नसते, यावर कायदा एक अक्षर बोलत नाही. तो फक्त त्या दोराबद्दल आणि चटक्याबद्दल बोलतो.

पुढच्या बाबींतही तेच. चमत्कार दाखवून पैसे उकळणे गुन्हा आहे. पण होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणे, त्यांची पुस्तके वाटणे गुन्हा नाही. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणे गुन्हा. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा पोटातल्या गर्भाचे लिंग बदलून देतो, असा दावा करणे गुन्हा. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे गाईचे दूध आटते, असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे, हाही गुन्हा. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण केली जाते, गावाबाहेर काढले जाते. त्या बायकांना हे कलम कामाला येते.

अंगात येण्याचा उल्लेख या कायद्यात दोन ठिकाणी आहे. परिशिष्टात तो गुन्ह्यांच्या बाजूला येतो: अंगात आल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती घालणे, सांगितले ते ऐकले नाही तर वाईट होईल अशी धमकी देणे. आणि शेवटच्या यादीत तो वगळलेल्या गोष्टींत येतो: सण, उत्सव, जत्रेत अंगात येणे, कडकलक्ष्मी. क्रिया एकच, पण एका ठिकाणी ती स्वतःपुरती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या जोरावर दुसऱ्याला वेठीला धरलेले आहे. जत्रेत घुमणारी बाई आणि 'तुझ्या सुनेमुळे घराला पीडा आहे, तिला हाकल' असे फर्मान सोडणारा देवऋषी, यांच्यात कायद्याने फरक केला. श्रद्धेच्या प्रांतात कायद्याने पाऊल टाकायचेच असेल तर ते असे टाकावे.

साप, विंचू आणि कुत्रे चावण्याबद्दलची बाबही बारकाईने वाचावी. मंत्र म्हणणे किंवा गंडादोरा बांधणे एवढ्याने गुन्हा होत नाही. माणसाला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणे आणि त्याऐवजी मंत्र-तंत्र करणे, हा गुन्हा आहे. रुग्णवाहिकेत बसून कुणी रामरक्षा म्हणत असेल तर कायद्याला काही म्हणायचे नाही. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत होती, तेव्हा महाडजवळच्या बिरवाडीत काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. चाळीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर एक टक्क्याच्या घरात आला. विंचू उतरवणाऱ्यांचे मंत्र कोकणात मागे पडले असतील, तर त्याचे मोठे श्रेय या औषधाला आहे. पण औषध हाताशी असताना कुणी वाट अडवून बसला, तर तिथे कायदाच लागतो.

हीच पद्धत न्यायालयातही टिकली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर दूरचित्रवाणीवरच्या 'हनुमान चालिसा यंत्रा'च्या जाहिरातींचा प्रश्न आला. देवांच्या नावाने अलौकिक गुण असल्याचे सांगून अशा वस्तू विकणे या कायद्याखाली बेकायदा आहे, असे न्यायालयाने ठरवले आणि वाहिन्यांनाही जबाबदार धरले. हनुमान चालिसा म्हणणाऱ्या कोणाच्याही दारात त्या निकालाने पोलीस गेला नाही.

आंबेडकर, अमृत कौर आणि संविधानाची भाषा

श्रद्धा आणि इजा यांच्यातली ही रेघ महाराष्ट्राने नव्याने शोधली असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये ती आहे. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना आहे. पण त्या वाक्याची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अटीने होते. पुढे समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मुभाही राज्याला दिलेली आहे.

ती मुभा आपोआप आली नाही. मसुदा तयार होत असताना घटना समितीतल्या राजकुमारी अमृत कौर यांनी शंका काढली होती. 'आचरण' या शब्दाच्या आडोशाने पडदा, देवदासी, सती या प्रथांनाही संरक्षण मिळेल आणि सुधारणेचे कायदे अडतील, ही त्यांची भीती. हंसा मेहतांचाही कल तोच होता. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले ते याच सुरात. या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत आयुष्याच्या प्रत्येक अंगाला व्यापतात. म्हणून धर्माची व्याख्या आवरली नाही तर सामाजिक बाबतीत कायदाच करता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

त्याच आठवड्यात प्रसाराच्या हक्कावरही वाद झाला. धर्म ही खासगी बाब आहे, प्रसाराचा हक्क काढून टाका, असे काही सदस्यांचे म्हणणे पडले. समितीने ते मानले नाही. आचरणावर लगाम ठेवता येईल अशी सोय केली, पण बोलण्याचा, पटवण्याचा हक्क कायम ठेवला. या दोन निर्णयांना एकत्र वाचले म्हणजे घटनाकारांचा हेतू कळतो.

आणि घटनेच्याही आधी महाराष्ट्राने एक मोठा धडा घेतलेला होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. १९५६ मध्ये त्यापुढचा कायदा आला. त्याचाच आधार घेऊन २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने कौल दिला आणि त्या गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. विठ्ठलावरची श्रद्धा कुणाची कमी झाली नाही. दर्शनाच्या रांगेत उभे राहणारे वाढले.

देव नदीपार गेले तेव्हा

कायद्याने थेट श्रद्धेलाच हात घातला तर काय होते, हे गोव्याइतके दुसऱ्या कोणी भोगलेले नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. १५६१ ते १७७४ या काळातल्या सोळा हजारांहून अधिक प्रकरणांची नोंद सापडते. बाटलेल्या माणसाने घरात जुने काही पाळले का, याचा शोध हे न्यायालय घेत असे. १७३६ च्या फर्मानाने तुळस लावण्यावर बंदी घातली. लग्नातल्या ओव्या बंद. धोतर आणि चोळी बंद. हिंदूंसारखा मिठाविना भात शिजवायलाही बंदी. चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही, हे सरकार पाहू लागले.

परिणाम काय झाला? सोळाव्या शतकातच कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच्या अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, देवळे पुन्हा उभी राहिली. मागे राहिलेल्यांनी भीतीने जगणे पत्करले आणि शेजारी शेजाऱ्याची चुगली करू लागला. अडीच शतके चाललेल्या त्या यंत्रणेने श्रद्धा पुसली गेली नाही. फोंड्याची देवळे आज गजबजलेली असतात आणि ख्रिस्ती गोव्यात ओव्यांची स्मृतीही टिकून राहिली.

अंगात येण्याचे दोन प्रकार वेगळे करणारा कायदा आणि भातातले मीठ तपासणारा कायदा, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक इजा झालेल्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. दुसऱ्याला इजा झालेले कोणी दाखवताच येत नाही.

वाळीत टाकण्याचा अधिकार

काही वेळा मात्र इजा अंगावर दिसत नाही. मुंबईत दाऊदी बोहरा समाजातल्या सुधारकांचा प्रश्न असा होता. धर्मगुरूंनी बहिष्कृत केलेल्या माणसाला मशिदीत जागा नाही, समाजाच्या दफनभूमीत जागा नाही, आप्तांच्या लग्नात जागा नाही. १९४९ मध्ये बाळासाहेब खेरांच्या सरकारने बहिष्कार टाकण्यास मनाई करणारा कायदा केला. सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. धार्मिक कारणासाठी सदस्याला बाहेर काढणे हा पंथाचा स्वतःची शिस्त राखण्याचा हक्क आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो आणि कायदा त्याला तेवढ्यातून सोडवतो, हा त्यांचा मुद्दा आजही बिनतोड वाटतो.

बहुमताच्या निकालातही एक खरी काळजी होती. सुधारणेच्या नावाखाली धर्मच नामशेष करण्याची मोकळीक सरकारला मिळू नये. ही काळजी मान्य करूनही विचारावे लागते, की पंथाच्या शिस्तीची किंमत एखाद्याने आईच्या दफनाला मुकून का मोजावी?

महाराष्ट्राने तो प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवायला घेतला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांची प्रकरणे एकामागून एक बाहेर येत होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जातपंचायतीला मूठमाती' हे अभियान उभे केले. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याच कायद्याने १९४९ चा जुना कायदाही रद्द केला. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांच्या मागे उभा राहायला कायदा होता. ही पोरे समाज सोडायला निघाली नव्हती. त्यांना आपल्याच समाजात मानाने राहायचे होते.

१९६२ च्या त्या निकालाचा फेरविचार मागणारी बोहरा समाजातली जुनी याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आली. अशा खटल्यांत 'धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता' हे न्यायालयांनी ठरवण्याची पद्धत १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून रुळली. साताऱ्याचेच न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी साठच्या दशकात तिला आणखी धार दिली. अंधश्रद्धेतून आलेल्या बांडगुळी प्रथांना संरक्षण नाही, असे त्यांनी अजमेर दर्ग्याच्या प्रकरणात सुचवले. हेतू चांगला होता. पण त्यामुळे न्यायाधीशांवर पोथ्या उघडून खरा धर्म शोधायची वेळ येते, आणि ते काम न्यायालयाचे नव्हे. प्रथा धर्माच्या गाभ्यातली असो की काठावरची, तिने कुणाचे काय हिरावले आणि त्या माणसाला नकार देता येत होता का, हे दोन प्रश्न पुराव्याने सोडवता येतात. न्यायालयाने त्यांनाच धरून राहावे.

नागपूरची बावीस वचने

आचरणाचे झाले. शिकवणुकीचे काय?

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. सोबत बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुन्या देवतांना देव न मानण्याची स्पष्ट भाषा आहे. ही धार्मिक शिकवण आहे आणि ती दुसऱ्या शिकवणुकीला थेट नाकारते.

आता त्या दिवसाला आजचे काही कायदे लावून पाहावेत. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, मग पोलिसांनी त्याच्या हेतूची चौकशी करायची. नागपूरच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांत आलेल्या शेतमजुराने, गिरणी कामगाराने, पोर कडेवर घेतलेल्या बाईने ही परवानगी कुठून आणली असती? गावच्या पाटलाला आणि सावकाराला दोन महिने आधी कळले असते, तर त्यातले किती जण नागपूरला पोचले असते? ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या एका मंत्र्याला बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेलेल्या कार्यक्रमातल्या उपस्थितीवरून वाद पेटल्यावर राजीनामा द्यावा लागला. पासष्टहून अधिक वर्षांपूर्वीची शिकवण आजही इतकी बोचते.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मध्य प्रदेश आणि ओरिसाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले. प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे, असे त्या निकालात म्हटले आहे. मुंबईचे घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी तो निकाल चुकीचा असल्याचे सविस्तर मांडले. ऐकणाऱ्याला पटण्याची शक्यताच काढून घेतली, तर प्रसाराच्या हक्काला काय उरते, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथल्या कायद्यातली आगाऊ सूचनेची अट रद्द केली. आपली श्रद्धा जाहीर न करण्याचा माणसाला हक्क आहे, हे त्या निकालाने मान्य केले.

धाक दाखवून, फसवून केलेले धर्मांतर हा गुन्हा मानायला हरकत नाही. पण तिथेही बोट धाकावर आणि फसवणुकीवर ठेवावे. सज्ञान माणसाने मन बदलले, यासाठी त्याला सरकारी खिडकीपुढे उभे करणे आणि भातातले मीठ तपासणे एकाच जातीचे आहे.

शिकवणुकीवर बंधन घालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्रात अंधश्रद्धेवर सर्वांत मोठे घाव कीर्तनाच्या फडावरूनच पडले. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत, आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. बोकड कापून देव प्रसन्न होतो का, कर्ज काढून सण करावा का, दारू का प्यावी. उत्तरे लोकांच्याच तोंडून काढत. त्या कीर्तनाने कितीएक जत्रांतले बळी थांबवले. धार्मिक प्रवचन काय असावे हे सरकार ठरवू लागले, तर गाडगेबाबांसारख्याची वाट सर्वांत आधी बंद होईल. सरकारी मंजुरीच्या यादीत त्यांचे प्रश्न कधी बसले नसते.

शाळेतल्या रांगेत

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न नाजूक होतो. अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही आणि अनुदानित शाळेत कोणावरही त्याची सक्ती करता येणार नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. तो उभा राही, पण हात जोडत नसे. शाळेने त्याची वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

केरळात १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. मुलांची श्रद्धा न्यायाधीशांना पटते का, हा प्रश्न त्या निकालाने बाजूला ठेवला. ती मनापासूनची आहे आणि त्यांनी कोणाला त्रास दिलेला नाही, एवढे पुरले. रशियाने मात्र २०१७ मध्ये याच पंथाच्या संस्थांना अतिरेकी ठरवून बंदी घातली आणि बायबल वाचायला जमलेल्या माणसांना तुरुंगात पाठवले. २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते अन्यायाचे ठरवले. शिकवणुकीवर बंदी घातली की पाळी शिकणाऱ्यांच्या तुरुंगवासावर येते, याचे हे ताजे उदाहरण.

काही प्रकरणे मात्र कुणाचे काय हिरावले आणि नकार देता येत होता का, या दोन प्रश्नांनीही सहज सुटत नाहीत. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये जैनांच्या संथारा या आमरण उपवासाच्या व्रताला आत्महत्या ठरवले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पूर्ण भानावर असलेला वृद्ध माणूस शांतपणे अन्न सोडतो, तेव्हा इजा झालेला आणि निर्णय घेणारा एकच असतो. तिथे कायद्याने फार तर त्याच्यावर कोणाचा दबाव नाही ना, एवढे पाहावे. बालदीक्षेचे तसे नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला जन्मभराच्या संन्यासाला हो किंवा नाही म्हणण्याची समजच आलेली नसते. तो सज्ञान होईपर्यंत थांबायला सांगितले, तर धर्माचे काही जात नाही आणि मुलाचा निर्णय त्याच्या हाती राहतो.

२०१३ च्या कायद्यासारखाच कायदा पुढे कर्नाटकाने केला आणि २०२४ मध्ये गुजरातने. पण कलमे छापून काम संपत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, तो किमान पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा हवा. डाकीण ठरवलेल्या बाईची तक्रार ऐकताना त्याला तिची भाषा समजायला हवी आणि जबाब घेऊन झाल्यावर ती राहणार कुठे, याची तजवीज त्याच्या हाताशी हवी. विंचू-सापाच्या मोसमात प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर हवा, नाहीतर भगताचे दार हाच जवळचा दवाखाना राहतो. अनुच्छेद २८ मध्ये काय लिहिले आहे, हे अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांना माहीत हवे. आणि धर्मांतरासाठी आगाऊ सूचना मागणारी कलमे, ती कोणत्याही राज्याची असोत, काढून टाकायला हवीत. तिथे इजा झालेली व्यक्ती कोण, याचे उत्तर ती कलमे देत नाहीत.